पूजेत बसलेली हत्यारं

काचेच्या कपाटात लाल मखमल लावली होती अन् मखमलीवर माझी हत्यारं टांगली होती. वर चकचकीत पितळी पाटी. ‘संस्थापकांनी स्वतःच्या हातानं घडवलेली हत्यारं.’ मी पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. तळपायाची आग मस्तकात गेली.

सौसरला पुतण्यानं नवं शोरूम उघडलं, म्हणून आम्हा दोघांना पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं होतं. पुतण्या म्हणजे किशोर, माझ्या भासऱ्यांचा मुलगा. भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ. ते आता गेले, अन् गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ते जिवंत होते तेव्हा बोलायची सोय नव्हती.

‘ये नं काकू, ये इकडं,’ किशोर हात धरून मला कपाटाजवळ घेऊन गेला. ‘हे पाह्य. बाबाच्या हातचं काम. जुन्या इंग्रजी फटफट्यांचा क्लच याच हत्यारानं खुलत होता. नागपूरचे शौकीन लोक येऊन फोटो काढून राहिले याचे.’

‘बाबाच्या हातचं?’

‘त मंग! त्या काळात कुठी भेटत होते असे टूल?’

मी यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत बसून पेढा खाऊन राहिले होते.

शोरूममधे कशाचाच वास नव्हता. गाड्या उभ्या, फरशी अशी की भात वाढून खावा, अन् वास फक्त फिनाइलचा. गाडीच्या दुकानाला वास नाही म्हणजे काय! याच जागेवर आमचं जुनं दुकान होतं. कवेलूचं छप्पर, समोर कडुनिंब, अन् जमीन तेल पिऊन पिऊन इतकी काळी झाली होती की पावसाळ्यातही तिच्यावर गवत येत नव्हतं. घासलेटमधे बुडवलेले नटबोल्ट, भिजलेल्या गोणपाटाचा कुबट वास, अन् जळालेल्या क्लचचा तो कडवट, घशात बसणारा वास. संत्र्याची तोड सुरू झाली की त्यात सालींचा वास मिसळायचा. गाडी दुरुस्त होईस्तोवर गिऱ्हाइकं कडुनिंबाखाली संत्री सोलत बसायची अन् साली गरम सायलेन्सरवर फेकायची. साल चर्र करायची. तो वास मला अजून कुठं आला तर मी थांबते, अन् मग मला राग येतो. दोन्ही सोबतच येतात.

ऐंशीच्या त्या सालांमधे आपल्या भागात मिलिटरीनं लिलावात काढलेल्या जुन्या इंग्रजी फटफट्या बऱ्याच होत्या. संत्र्याचे व्यापारी, ठेकेदार, रामाकोन्याकडचा एक डॉक्टर, अशा लोकांजवळ. गाडी म्हणजे लोखंडाचा हत्ती. तिच्यावर दोन माणसं, मागं संत्र्याची पेटी, अन् वरून नदीच्या रेतीतून काढायची. क्लच जळणार नाही तर काय होईल? अन् क्लच जळला की तो खोलणारा आमच्या घरचा माणूस. हे. दुकान भासऱ्यांचं, हात यांचे, अन् हत्यार माझं. पाटीवर लिहायचंच असेल तर एवढं लिहा.

माझे बाबा पांढुर्ण्याच्या जिनिंगमधे फिटर होते. हंगामात जिनिंगचा घरघराट आमच्या घराच्या भिंतीत शिरलेला असायचा. तो बंद पडला की आई झोपेतून जागी व्हायची. बाबांच्या केसात, भुवयांत कापसाचे तंतू. घरामागं रुळाचा एक तुकडा गाडलेला होता, तीच आमची ऐरण. भावांना त्या कामात रस नव्हता. मी बसायची. कानस कशी धरायची, लोखंडावर ती पुढं ढकलायची अन् मागं येताना उचलायची, हे मी स्वैपाकाच्या आधी शिकली. आई ओरडायची, ‘पोरीचे हात पाहा, लोहारणीसारखे झाले, कोण करीन हिले?’ बाबा म्हणायचे, ‘करीन कोणी तरी. अन् नाही केलं त पोट भरीन आपलं.’ करणारा भेटला. मिस्त्री माणूस आहे म्हणून मी किती खूश होती, आठवलं की माझी मलाच चीड येते.

लग्नाला थोडेच दिवस झाले असतील. एक दिवस हे घरी आले ते बोटाला चिंधी बांधून. चिंधी लाल झालेली. झालं असं की क्लचच्या मधला नट खोलायला गेलं की आतला हब, म्हणजे क्लचचा दातेरी गाभा, गरगर फिरतो, नट जागचा हलत नाही. मग मिस्त्री लोक हबच्या दातात छिन्नी अडकवत अन् वरून हातोडा हाणत. त्या दिवशी छिन्नी सटकली, हबचा दात तुटला, बोट फाटलं, अन् गाडीचा मालक चार लोकांसमोर आईमाईवरून बोलला. भासरे गल्ल्यावर बसून ऐकत होते.

‘त धरून कायले ठेवत नाही त्याले?’ मी विचारलं.

‘कशानं धरू? तुह्या हातानं?’

‘क्लचची जुनी लोखंडी प्लेट आणा दुकानातून. घासलेली, फेकलेली. तिचे दात त्याच हबात बसतात नं?’

हे माझ्याकडे पाहातच राहिले. दुसऱ्या दिवशी प्लेट आणली.

प्लेट धरून ठेवायच्या दांडीसाठी मी माहेरून वखराची झिजलेली पास आणली. वखराची पास म्हणजे शेतात जमीन कापत जाते ती लोखंडाची लांब पट्टी; झिजली की शेतकरी कुडाला टोचून ठेवतो. पण ते लोखंड कडक, त्यात भोक पडत नाही. मी ती पट्टी चुलीत लाल केली अन् गरम राखेत पुरून दिली, सकाळपर्यंत. सासू म्हणाली, ‘सून चुलीत लोखंड रांधून राहिली, बाप्पा!’ राखेतून निघाली तेव्हा पट्टी नरम झाली होती. बैलबंडीच्या चाकाचे खिळे तापवून मी त्या प्लेटला पट्टी ठोकली. ठोकताना लोखंडाचा आवाज बदलतो. आधी तो खणखणतो, अन् खिळ्याचं रिबीट बसलं की बुजतो, दार लावल्यासारखा. तो आवाज आला की पुरे, अजून एक घाव घातला तर काम बिघडते. प्लेट हबात बसवायची, दांडी गाडीच्या पायदानावर टेकवायची, अन् नट खोलायचा. हब जागचा हलत नव्हता. छिन्नी नाही, हातोडा नाही, शिव्या नाही.

मग खाचेचा पेचकस झाला. त्या गाड्यांच्या क्लचच्या स्प्रिंगांवर नट असतात, अन् नटाच्या मधोमध खुंटी वर आलेली. साधा पेचकस त्या खुंटीवर अडते. मी मोठ्या पेचकसाच्या तोंडात मधोमध खाच काढली, कानसेनं, दुपारच्या वेळी, दारात बसून. समोरून पापड वाळवणाऱ्या बाया विचारत, ‘काय किसून राहिली वं?’ मी म्हणायची, ‘नशीब किसून राहिली.’ हसायच्या. हब ओढून काढायचा पुल्लर मात्र बाबांनी जिनिंगच्या लेथवर आटे पाडून दिला. घासून, बसवून मी पुरा केला.

अन् बुचं! क्लचच्या प्लेटांमधे बुचाचे तुकडे बसवलेले असायचे, तेच घासून जळायचे. नवी प्लेट मुंबईहून येणार म्हणजे येणारच नाही. मी औषधाच्या दुकानातून मोठ्या बाटल्यांची बुचं मागवून घ्यायची, ती गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळायची. उकळलेल्या बुचाला ओल्या लाकडासारखा, थोडा औषधासारखा वास येतो. नरम असतानाच ती प्लेटच्या भोकात दाबून बसवायची, अन् वाळल्यावर पाट्याच्या दगडावर गोल गोल घासायची, सगळी सारखी होईस्तोवर. अंगणात प्लेटा वाळत, बाजूला सांडगे वाळत. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते म्हणून कोणी विचारलं तर मी तेच सांगीन. सांगून राग येते, पण खोटं कायले बोलू?

दुकानात हे क्लच झटक्यात खोलू लागले. मुलताईकडून, सावनेरकडून लोक येऊ लागले. कोणी विचारलं, हे हत्यार कुठलं, तर भासरे गल्ल्यावरून म्हणायचे, ‘आपल्या दुकानाचं आहे.’ हे खाली मान घालून नट खोलत राहायचे.

मी का बोलली नाही, असं आजकालच्या पोरी विचारतात. आमच्या घरी भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नव्हतं. पदर कपाळाच्या खाली, अन् काही सांगायचं असेल तर नवऱ्याच्या तोंडून. भासरेही माझ्याशी बोलायचे नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तर भिंतीकडे पाहून म्हणायचे, ‘भाजी अळणी आहे म्हणा.’ मी भिंतीच्या मागून मीठ पाठवायची. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्या माणसाला मी एक शब्द बोलली नाही. माझं तोंड म्हणजे यांचं तोंड. अन् यांचं तोंड म्हणजे, जाऊ द्या.

मी ठरवलं, निघायचं. पांढुर्ण्याला, स्टेशनच्या रस्त्याला, बाबांची थोडी मोकळी जागा होती. तिथं टिनाची शेड टाकायची अन् आपलं दुकान. हत्यारं आपली, हात आपले, मग दुसऱ्याच्या गल्ल्यासमोर कायले बसायचं? इटारसी-नागपूरच्या गाड्या थांबतात, व्यापारी उतरतात, संत्र्याचा बाजार जवळ. मी झोपेतही त्या शेडमधे असायची. कुठं पाट्याचा दगड ठेवायचा, कुठं खिडकी, म्हणजे दुपारी कानस चालवताना उजेड येईल. यांनाही पटलं होतं. ‘हो,’ म्हणाले होते. स्वतःच्या तोंडानं.

त्या साली पोळ्याला मी माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन गावांची दगडफेक. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे जाम नदी. माझे भाऊ डोक्याला पट्टी बांधून घरी आले, अन् दोन दिवसांनी ज्यानं दगड मारला त्याच्याच दुकानातून साखर घेऊन आले. ते वैर मला समजते. समोरासमोर आहे, हातात दगड दिसते, सांज झाली की संपते. माझ्या सासरी वैर हळदकुंकू लावून व्हायचं. बाबांनी तेव्हाच टिना आणून अंगणात उभ्या करून ठेवल्या. दसरा झाला की सामान हलवायचं, असं ठरलं.

दसऱ्याला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा. माझी हत्यारं घरी माझ्या पेटीत राहायची. हे रोज सकाळी न्यायचे, संध्याकाळी आणायचे. त्या दिवशी म्हणाले, ‘पूजेत ठेवून घेऊ. नवीन दुकान काढून राहिलो, बरं राहीन.’ मला किती आनंद झाला! माझ्या हातच्या वस्तूला फुलं वाहणार म्हणून. मी ती राखेनं घासली, घासलेटनं पुसली, वरून तेलाचा हात दिला. लोखंड निळसर चमकून राहिलं होतं.

नैवेद्याचं ताट घेऊन मी दुकानाच्या दारात उभी राहिली. नव्या गोणपाटावर सगळे पाने, हातोडे, पेचकस मांडलेले, झेंडूची फुलं, आपट्याची पानं, उदबत्तीचा धूर. मधोमध माझी दांडी. भासऱ्यांनी तिच्यावर हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. अन् मग छपराकडे पाहून, म्हणजे मला ऐकू जाईल असं, म्हणाले, ‘पूजेत बसलेलं हत्यार दुकानाचं होते म्हणा. ते दुकानाच्या बाहेर गेलं त लक्ष्मी जाते.’

आलेली चार माणसं म्हणाली, ‘खरं आहे, भाऊ.’

भासऱ्यांना माहीत होतं. आमच्या टिना अंगणात उभ्या आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अन् त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. देवाला मधे घातलं. माणसाशी भांडता येते, कुंकवाशी कसं भांडणार?

मी पदराखालून यांच्याकडे पाहिलं. दारात उभी राहून, हातात ताट, सगळा जीव डोळ्यात आणून पाहिलं. बोला. एवढंच बोला, की भाऊ, हे हिचं आहे, हे घरी जाईन. भासरे दोन पावलांवर उभे होते, अन् माझ्याजवळ तोंड नव्हतं. यांच्याजवळ होतं. यांनी माझी नजर पाहिली. पाहिली, मला माहीत आहे. मग वाकून आपट्याची पानं उचलली, भावाच्या हातात दिली, पायावर डोकं ठेवलं अन् म्हणाले, ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.’

घरी आल्यावर मी ताट आपटलं.

‘तोंडात मूग भरले होते काय तुमच्या?’

‘सणाच्या दिवशी काय म्हणू मी भावाले?’

‘मंग उद्या म्हणा.’

‘पूजेतली वस्तू आहे वं. अन् आपलेच दात, आपलेच ओठ. कायले उगाच वैर करून राहिली तू?’

‘आपलेच दात, आपलेच ओठ, त ओठ माहेच काहून फाटतात?’

हे उठून ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकानात गेले.

मी हार मानणारी नव्हती. दिवाळीनंतर मी सगळं परत बनवलं. दुसरी पास, दुसरी प्लेट, दुसरा पेचकस. बाबांनी दुसरा पुल्लर दिला. या वेळी दांडी जास्त चांगली झाली, हाताला बरोबर बसणारी. संक्रांतीच्या आधी मी ती हत्यारं यांच्यासमोर मांडली. म्हटलं, ही पूजेत बसलेली नाहीत. या हत्यारांना कोणाचं कुंकू नाही. चला.

यांनी दांडी उचलली, हातात फिरवून पाहिली. ‘चांगली झाली,’ म्हणाले. अन् खाली ठेवली. ‘भावानं यंदा पगार वाढवतो म्हटलं आहे.’

बस. एवढंच. त्या दिवसापासून मी या माणसाशी बोलते, रांधून घालते, ताप आला तर उशाशी बसते. पण त्या दिवशी माझ्या आतलं काही जे विझलं ते मी परत पेटवलं नाही. प्रयत्नही केला नाही. उन्हाळ्यात बाबा विचारायला आले, तेव्हा हे मागच्या दारानं निघून गेले. टिना तशाच गंजल्या. मग माझ्या भावानं त्या गोठ्यावर टाकल्या. मी घडवलेल्या दुसऱ्या दांडीनं मी कितीक वर्षं चुलीतले निखारे ओढले. चांगली होती त्याच्यासाठी. लांब होती, हात भाजत नव्हता.

पुढं इंग्रजी गाड्या भंगारात गेल्या, जपानी गाड्या आल्या, बुचाचे क्लच संपले. भासऱ्यांचं दुकान वाढलं. हे तिथंच नट खोलत म्हातारे झाले. आता आम्ही लेकीजवळ पांढुर्ण्यात राहतो. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. स्टेशनच्या रस्त्याला दुकानांवर दुकानं चढली आहेत. त्या रस्त्यानं मी जात नाही. रिक्षावाल्याला सांगते, दुसरीकडून घे.

शोरूममधे किशोरनं माइक घेतला. पाहुणे टाळ्या वाजवून राहिले होते. ‘आता माहे काका दोन शब्द बोलतील. बाबाच्या सोबत पुरी जिंदगी यांनी काम केलं.’

हे उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. माइक हातात धरला अन् कपाटाकडे पाहात राहिले. मला वाटलं, भाऊ देवमाणूस होता म्हणतील अन् बसतील. तेच बोलायचं माहीत आहे.

‘हे हत्यार,’ हे म्हणाले अन् थांबले. ‘हे हत्यार भावानं नाही बनवलं. हे हिनं बनवलं. घरी, चुलीवर.’

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घोडंही म्हातारं, लंगडं. ज्या तोंडासाठी मी दारात ताट धरून उभी होती, ते तोंड आता उघडलं; भाऊ मेल्यावर, गल्ला पुतण्याचा झाल्यावर, कोणाचं काही बिघडत नाही तेव्हा.

‘काकू?’ किशोर माझ्याकडे वळला. ‘खरं होय का?’

सगळे मला पाहून राहिले होते. माझ्या डोक्यावर पदर नव्हता अन् समोर भासरे नव्हते.

‘खरं आहे,’ मी म्हटलं. ‘मीनंच बनवलं. अन् ज्यानं ते देऊन टाकलं, तो तिथं माइक धरून उभा आहे.’

मागं कोणीतरी हसलं. नवराबायकोची गंमत समजले असतील. हे हसले नाहीत. माइक किशोरच्या हातात देऊन माझ्या बाजूला येऊन बसले.

‘बोललो नं मी,’ हळूच म्हणाले. ‘आता त बोललो.’

‘आता कायले बोलले?’

मला दया यायला पाहिजे होती. म्हातारा माणूस, सोबत काढलेली एवढी वर्षं. मी आपल्या आत शोधली. आली नाही.

किशोर घाम पुसत आला. पोरगं वाईट नाही, बापासारखं तर नाहीच. ‘काकू, मले माहीतच नव्हतं नं! उद्याच्या उद्या पाटी बदलतो. मोठं नाव टाकतो तुहं. फोटो बी लावतो.’

मी चपला शोधल्या, पिशवी उचलली.

‘राहू दे, बाबू,’ मी म्हटलं. ‘मले दुकान पाहिजे होतं. पाटी नाही.’